पंक्तिप्रपंच आणि वसईचा गोन्सालो

मुरबाडची काळू आणि शहापूरची भातसा या दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी उल्हासला मिळते, आणि उल्हासचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला जातो. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत शहापूर, मुरबाड आणि वसई हे तिन्ही तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. आजचा धागा या पाण्याच्या मुखाशी जन्मलेल्या एका मुलाविषयी आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर या पाणलोटाच्या दोन टोकांना दोन राज्ये होती. माहुलीचा डोंगर आणि कल्याण बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते, तर ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे. नाणेघाट उतरून वैशाखरे, मुरबाड या वाटेने कल्याणला आलेला माल गलबतात चढला की काही कोसांवर पोर्तुगीज चौक्या लागत. मालाला ही सीमा ओलांडता येत होती. चर्चच्या संघटनेने मात्र किनारा सोडला नाही. उत्तर कोकणातली जुनी ख्रिस्ती गावे वसई आणि साष्टीच्या पट्ट्यात सापडतात, शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात सापडत नाहीत, याचे मूळ कारण ही सीमारेषा आहे.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मोगलांच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथे किल्ला, चर्च, मठ, गोदी आणि वतनदारांची घरे असे एक नवेच नगर उभे राहिले. फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मगुरू आधी आले. फ्रान्सिस झेवियर १५४४ आणि १५४८ साली वसईला येऊन गेला, आणि त्याच्या पाठोपाठ येशूसंघाचे काम सुरू झाले. गोन्सालोचा जन्म १५५६ किंवा १५५७ सालचा मानतात. म्हणजे नगरच त्याच्याहून जेमतेम वीस-बावीस वर्षांनी मोठे होते.

चरित्रपरंपरेनुसार त्याचा बाप पोर्तुगीज आणि आई ‘कानारी’. या शब्दाने आजचा वाचक गोंधळतो. पोर्तुगीज दप्तरात ‘कानारी’ म्हणजे कर्नाटकातलाच माणूस असे नाही. गोवा आणि लगतच्या किनाऱ्यावरच्या स्थानिकांना ते सरसकट हे नाव देत. आई इथली, बाप तिकडचा, इतकाच अर्थ घ्यावा.

त्या समाजात एवढी माहिती माणसाची जागा ठरवायला पुरेशी होती. पोर्तुगालमध्ये जन्मून इथे आलेला तो ‘रेइनोल’. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेला ‘कास्तिसो’. एक पालक पोर्तुगीज आणि एक स्थानिक असेल तर ‘मेस्तिसो’. बाप्तिस्मा घेतलेला स्थानिक त्यांच्याही खाली. बाप्तिस्म्याचे पाणी सगळ्यांना एकच आणि प्रार्थनाही एकच, पण लष्करातला हुद्दा, गावचे वतन, लग्नाचा बाजार आणि धर्मगुरूची दीक्षा या चारही ठिकाणी जन्माची चौकशी होई. ही चौकशी कागदापर्यंत जाण्याची गरज बहुधा पडत नसे. कातडीचा रंग आणि चेहरा पाहून बसण्याची जागा ठरे. मराठीत याला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. पान सगळ्यांना मांडायचे, पण वाढताना हात आखडायचा.

(जाता जाता : ज्या ‘कास्ता’ या पोर्तुगीज शब्दापासून इंग्रजीतला जातीसाठीचा शब्द आला, तो शब्द घेऊन आलेले लोक स्वतःही त्याच हिशेबाने जगत होते. जातीची जाणीव पोर्तुगीजांना हिंदुस्थानात येऊन प्रथम झाली, ही समजूत भाबडी आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ज्यू व मुस्लिम पूर्वजांच्या शोधात ‘रक्तशुद्धी’चे नियम आधीच चालू होते.)

गोन्सालो तीन-चार वर्षांचा असताना, १५६० साली, गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले. ज्या पिढीत त्याचे बालपण गेले, त्या पिढीला ख्रिस्ती असणे ही बाब ऐच्छिक नव्हती. वसईसारख्या नगरात श्रद्धा ही हवेसारखी चहूकडे होती आणि हवेसारखीच ती न विचारता आत जात होती. वसईच्या येशूसंघीय शाळेत तो शिकला. सेबास्तिआँव गोन्साल्व्हिस या धर्मगुरूचा त्याच्यावर लोभ होता, असे चरित्रकार सांगतात. वयाच्या पंधराव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, येशूसंघीयांबरोबर तो जहाजात चढला आणि जपानला पोहोचला. प्रवासातच एका जपानी सहप्रवाशाकडून त्याने भाषेचे पहिले धडे घेतले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, पुढे ती भाषा त्याला अशी काही वश झाली की त्याच्या आयुष्याचे प्रत्येक वळण तिच्यामुळे ठरले.

जपानमध्ये तो धर्मशिक्षक म्हणून काम करू लागला. हे काम सुमारे आठ वर्षे चालले. मुलांना शिकवणे, आजाऱ्यांकडे जाणे, युरोपीय धर्मगुरूचे बोलणे जपानीत पोहोचवणे, हे सगळे अशा सहायकांच्या खांद्यावर होते. बौद्ध मठांतल्या प्रथेवरून त्यांना ‘दोजुकू’ म्हणत. ते मठातल्या माणसांबरोबर राहत आणि मठाच्या शिस्तीने जगत, पण संघाचे सभासद नसत. मिशनचे निम्मे बोलणे ज्यांच्या तोंडून होई, त्यांना मिशनच्या निर्णयात आवाज नव्हता.

त्या वर्षांत जपानमधल्या येशूसंघाचा प्रमुख होता फ्रान्सिस्को काब्राल. १५७० ते १५८१ हा त्याचा कारभाराचा काळ. काब्रालला जपानी माणसांविषयी उघड तिरस्कार होता. त्यांना धर्मगुरू करू नये, फार शिकवू नये, दुय्यम ठेवावे असे त्याचे मत होते. १५७९ साली आलेसांद्रो वालिन्यानो हा वरिष्ठ निरीक्षक जपानला आला आणि त्याने हे धोरण मोडीत काढले. जपानी तरुणांसाठी शाळा उघडल्या गेल्या आणि १५८० मध्ये उसुकी येथे दीक्षार्थींचे निवासही सुरू झाले. इतिहासाच्या पुस्तकांत वालिन्यानोचे यासाठी कौतुक होते आणि ते योग्यही आहे.

पण हाच वालिन्यानो हिंदुस्थानातल्या लोकांबाबत वेगळा होता. त्याच्या लिखाणात जपानी आणि चिनी ‘गोरे’ आहेत, सुसंस्कृत आहेत, बुद्धीचे आहेत. हिंदुस्थानी लोक ‘काळे’ आहेत आणि म्हणून उच्च धार्मिक जीवनाला कमी योग्यतेचे. स्थानिक वंशाच्या माणसांना संघात घेण्यास त्याचा विरोध होता, आणि मेस्तिसोंबाबतही हात राखूनच वागावे असे त्याचे मत होते. जपानी माणसासाठी ज्या हातांनी दार उघडले, त्याच हातांनी वसईच्या माणसासाठी ते लोटून घेतले. वसईहून आलेला, आठ वर्षे झिजलेला, अस्खलित जपानी बोलणारा गोन्सालो संघप्रवेशासाठी विनंत्या करत राहिला, आणि त्याला प्रवेश मिळाला नाही.

त्या नकाराचे खापर एकट्या जन्मावर फोडणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. प्रत्येक उमेदवाराचा निर्णय स्वभाव, शिक्षण, प्रकृती, वरिष्ठांशी संबंध अशा अनेक गोष्टी पाहून होई. तरीही धोरणाची चौकट समोर आहे. १५७५ साली कोल्लमचा पेद्रो लुईस हा ब्राह्मण संघात घेतला गेला. १७७३ मध्ये येशूसंघ विसर्जित होईपर्यंत प्रवेश मिळालेला तो एकमेव भारतीय मानला जातो. दोनशे वर्षांत एक माणूस. हा आकडा पाहिल्यावर स्वभाव आणि प्रकृतीची चर्चा फार लांबवण्यात अर्थ राहत नाही.

गोन्सालो मिशन सोडून व्यापारात शिरला. पूर्वेच्या समुद्रात तेव्हा भाषा जाणणाऱ्या माणसाला काम कमी नव्हते. त्याचा धंदा चांगला चालला, पैसा हाती आला. संतचरित्रे हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण त्यांना नागासाकीला पोहोचण्याची घाई असते. वास्तविक त्याच्या आयुष्यातली खरी निवड या काळात झाली. वसईत तो जन्मामुळे ख्रिस्ती होता. जपानमध्ये पंधराव्या वर्षी तो गुरूच्या बोटाला धरून गेला होता. आता मात्र त्याच्यावर कुणाचीच सक्ती नव्हती. ज्या संस्थेने दार लावले तिच्यावर राग धरून सुखवस्तू व्यापारी म्हणून राहणे सोपे होते, आणि त्याला कुणी दोष दिला नसता. तो मनिलाला गेला, तिथल्या अनवाणी फ्रान्सिस्कनांच्या सहवासात आला आणि मिळवलेले सोडून त्यांच्यात सामील झाला.

इथेही त्याला दीक्षित धर्मगुरूचा दर्जा मिळाला नाही. तो ‘बंधू’ झाला, म्हणजे मठातली कष्टाची कामे करणारा व्रतस्थ. स्पॅनिश मनिला समतेचे आगर होते असे समजू नये. फिलिपिनो माणसांना धर्मगुरूपदापासून तिथेही दीर्घकाळ दूर ठेवले गेले. फरक इतकाच की या पंक्तीत त्याला शेवटचे का होईना, पान मिळाले.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे एक शिष्टाई पाठवली. हिदेयोशीने फिलिपिन्सकडे ताबेदारीची मागणी केली होती, त्यामुळे ही जोखमीची कामगिरी होती. प्रमुख होता पेद्रो बाउतिस्ता. त्याच्यासोबतच्या तीन फ्रान्सिस्कनांपैकी एक गोन्सालो. हिदेयोशीच्या दरबारात दुभाष्याचे काम त्याच्याकडे आले. मठाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवरचा हा मेस्तिसो बंधू त्या दिवशी स्पेनच्या राजाच्या वतीने जपानच्या धन्याशी बोलत होता. त्याचे शब्द चुकले असते तर सगळ्यांच्या मानेवर आले असते.

शिष्टाईनंतर फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी चर्च आणि मठ बांधला, आणि शेजारी महारोग्यांसाठी रुग्णालये उभारली. ज्यांच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत, त्यांच्या जखमा धुण्याचे काम या बंधूंनी हाती घेतले. दिसण्यावरून माणसाची जागा ठरते हे गोन्सालोने वसईत लहानपणीच पाहिले होते. क्योतोच्या रुग्णालयात त्याच्या समोर आलेल्या माणसांची सगळी ओळखच त्यांच्या कातडीवर आली होती.

येशूसंघीयांना मात्र हे नवे लोक नको होते. १५८५ साली पोप तेरावा ग्रेगरी याने जपान हे क्षेत्र येशूसंघासाठी राखून ठेवले होते, आणि १५८७ मध्ये हिदेयोशीने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढल्यापासून येशूसंघीय दबकून, बेताने काम करत होते. फ्रान्सिस्कन उघडपणे प्रवचने देत हिंडू लागले तेव्हा त्यांना हा वेडेपणा वाटला. दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध लिहिलेली पत्रे आजही वाचायला मिळतात, आणि ती वाचून कुणाचेही मन प्रसन्न होत नाही. गोन्सालो या भांडणात अवघड जागी होता. ज्यांनी त्याला वाढवले आणि नाकारले त्यांच्याच क्षेत्रात तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा दुभाष्या बनून परतला होता.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले स्पॅनिश जहाज वादळाने जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यातला माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. आधी धर्मगुरू येतात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाची बढाई जहाजाच्या वाटाड्याने मारली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. तिच्या खरेखोटेपणावर येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन पुढे अनेक वर्षे भांडले. हिदेयोशीला संशय आधीच होता. जहाजाने निमित्त दिले. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कन, त्यांचे जपानी सोबती आणि तीन जपानी येशूसंघीय पकडले गेले.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि गाड्यांवरून धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतचा सुमारे महिनाभराचा प्रवास. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत सेवेसाठी बरोबर राहिलेले दोघे त्यांच्यात धरले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. सर्वांत लहान लुदोविको इबाराकी बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. खिळे नव्हते. दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधून नंतर भाल्यांनी भोसकण्यात आले. टेकडीवर गोन्सालो सर्वांच्या पुढे पोहोचला, माझा क्रूस कोणता असे त्याने विचारले आणि तो दाखवल्यावर गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे परंपरा सांगते. त्याचे वय चाळीसच्या आसपास होते. जपानमध्ये त्याच्याबरोबर असलेला फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा या प्रसंगातून वाचला आणि त्याने लिहिलेला इतिहास १६०१ साली बार्सिलोनात छापून निघाला. गोन्सालोविषयीच्या माहितीचा तो महत्त्वाचा आधार आहे.

त्या टेकडीवरचा एक तपशील मात्र चरित्रांत क्वचितच कुणी जोडून पाहतो. गोन्सालोच्या रांगेत पॉल मिकी होता. सामुराई घराण्यातला, येशूसंघाच्या शाळेत शिकलेला आणि १५८६ मध्ये संघात रीतसर प्रवेश मिळालेला तरुण. त्याच्याबरोबरच्या दोन जपानी सहायकांना, जुआन सोआन आणि दिएगो किसाई यांना, मृत्यूपूर्वी थोडाच वेळ आधी संघाची व्रते देण्यात आली. जी गोष्ट गोन्सालोने आठ वर्षे मागितली, ती त्याच्या रांगेतल्या दोघांना शेवटच्या घटकेला मिळाली. त्यांना ती मिळाली हे चांगलेच झाले. पण येशूसंघाच्या हुतात्म्यांच्या यादीत त्या दिवशी तीन नावे लिहिली गेली आणि त्यांत वसईच्या शाळेतला विद्यार्थी नव्हता.

दार न उघडण्याचा हा प्रकार त्याच्यापुरता नव्हता. १५९४ च्या सुमारास गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेला मातेउश द कास्त्रो हा ब्राह्मण घराण्यातला ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला धर्मगुरूची दीक्षा नाकारली. तो हात जोडून बसला नाही. तो थेट रोमला गेला, तिथे धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला मानले नाही, तेव्हा आदिलशाही मुलखातल्या डिचोलीला त्याने आपले ठाणे केले. गोन्सालोने दुसरे दार शोधले, कास्त्रोने त्याच दारावर वरून हुकूम आणला. कास्त्रोचा मार्ग आधुनिक वाचकाला जास्त भावतो, आणि त्याची लढाई खरोखर मोठी होती. पण त्याच्या मदतीला घराण्याची प्रतिष्ठा होती, शिक्षण होते आणि रोमला १६२२ साली स्थापन झालेली धर्मप्रसार परिषद होती. १५८० मध्ये जपानी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एका मेस्तिसो धर्मशिक्षकाच्या हाताशी यांतले काहीही नव्हते.

१६२७ मध्ये पोप आठवा अर्बन याने नागासाकीच्या हुतात्म्यांना धन्य घोषित केले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज नगर ओस पडले. ख्रिस्ती गावे मात्र राहिली. ८ जून १८६२ रोजी पोप नववा पायस याने रोममध्ये सव्वीस जणांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला रोमन कॅथलिक संत म्हणून गोन्सालोचे नाव तेव्हापासून घेतले जाते. आज गासला त्याच्या नावाचे चर्च आहे आणि वसईत महाविद्यालय.

विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. बाप पोर्तुगीज असेल तर याला भारतीय संत म्हणावे का, अशी शंका निघू लागली. काहींनी त्याचे दोन्ही पालक स्थानिक असल्याचे मांडले, काहींनी त्याला पोर्तुगीजांत ढकलले. सोळाव्या शतकात जो पुरेसा पोर्तुगीज ठरला नाही, तो विसाव्यात पुरेसा भारतीय ठरेना. दोन्ही वेळा मोजपट्टी एकच होती, फक्त ती धरणारे हात बदलले. वसईच्या लोकांनी या वादात फारसे लक्ष घातले नाही. त्यांच्या लेखी तो गावचा मुलगा आहे.

१९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, निशिझाका टेकडीवर शिल्पकार फुनाकोशी यासुताके याने घडवलेले स्मारक उभे राहिले. सव्वीस कांस्य आकृती एका रांगेत, एका पातळीवर, पाय जमिनीपासून सुटलेले. चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत या सव्वीस जणांचे स्मरण ६ फेब्रुवारीला होते. त्या नोंदीचे शीर्षक आहे : ‘संत पॉल मिकी आणि सोबती’.